पहिला नंबर

“वरूनच भरा मावशी, बदलायला दुसरी आहे कुठे?” सिस्टर म्हणाल्या, आणि मी बाटली नळाखाली धरली.

आतड्यात दुर्बीण घालून तपासतात, त्या खोलीत मी अठरा वर्षं काम करते. आत गेल्यावर दुर्बिणीची काच बरबटते, मग बाटलीतलं पाणी उडवून ती धुवायची. पाणी निर्जंतुक हवं, दर पेशंटला बाटली नवी हवी, असं भिंतीवर लिहिलंय. लिहायला काय जातं? बाटल्या दोन होत्या. एकीचं झाकण फुटलं आणि स्टोअरवाला सहा महिने ‘उद्या देतो’ म्हणतोय. उरलेली सकाळी वाफेच्या मशीनमधून निघते. पहिल्या पेशंटला स्वच्छ पाणी, पुढच्यांना त्यातच वरून नळाचं.

हे आम्हा स्टाफला ठाऊक, म्हणून पहिला नंबर नेहमी घरच्या माणसाचा. डॉक्टरांच्या सासूबाई, सिस्टरांचे मिस्टर, त्या स्टोअरवाल्याची बायकोसुद्धा. आपला तो बाब्या, दुसरं काय!

त्या दिवशी माझा दादा होता. बाप गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. पण यादीत वर नाव होतं एका म्हाताऱ्या शिंपीकाकांचं. त्यांचे कॅन्सरचे उपचार चालू, अंगात जंतूंशी लढायची ताकद नाही, म्हणून डॉक्टरांनी स्वतः लिहिलं होतं, ‘यांना पहिले घ्या’.

मी बाहेर गेले. “काका, तुम्हाला शेवटी घेतलं तर चालेल? माझा भाऊ आहे.”

“चालेल की. भाऊ म्हटल्यावर काय बोलायचं?” काका म्हणाले. उपाशीपोटी, जुलाबाचं औषध पिऊन बसलेला माणूस. त्यांच्या मुलीने उठून दादाला खुर्ची दिली.

टेबलावर दादाला बघून डॉक्टरांनी भुवई उंचावली आणि हातमोजे चढवले. सासूबाईंची आठवण आम्हा दोघांनाही होती.

काकांचा नंबर सातवा आला. बाटली भरताना आतून बोटांना बुळबुळीत लागलं. मी सिस्टरांना म्हटलं, “ही धुवायला पाहिजे हो.”

“शेवटचा तर आहे. उरकून टाका.”

मी भरली. रजिस्टरमध्ये ‘बाटली बदलली’ पुढे सातवी बरोबरची खूण केली. सही माझी.

चौथ्या दिवशी काका तापाने फणफणून परत आले. रक्तात जंतू सापडले, पाण्यात वाढतात त्या जातीचे. रिपोर्ट आला त्या दुपारी डॉक्टर खोलीत आले. बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हात धुतले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी स्टोअरमधून चार नव्या बाटल्या आल्या. वरातीमागून घोडं.

नवव्या दिवशी काका गेले.

मुलगी कागद न्यायला आली, तेव्हा मी तिला जिन्यापाशी गाठलं. आज सगळं सांगायचं, नोकरी गेली तर गेली, असं ठरवून आले होते. रात्रभर तेच घोकलं होतं.

“पहिला नंबर तुझ्या बाबांचा होता गं. मी बदलला.”

“माहीत आहे मावशी. माझ्यासमोरच तर विचारलंत.” तिने डोळे पुसले. “त्याने काय होतंय? त्यांचं शरीरच थकलं होतं. डॉक्टर म्हणाले, कुणाच्या हातात काही नव्हतं.”

बाटली म्हणायचं होतं. तीन अक्षरं.

“तुमचे भाऊ कसे आहेत?” तिने विचारलं.

“बरा आहे,” मी म्हणाले. “काही निघालं नाही त्याला.”

“बरं झालं,” ती अगदी मनापासून म्हणाली. मग कागदांची पिशवी छातीशी धरून जिना उतरायला लागली. मी कठड्याला धरून उभी राहिले. खाली पोहोचल्यावर तिने वर बघून मला हात जोडले. मीही जोडले.