नुसता कोंडा

"थंड पाण्यातच कालवा, आई. गरम पाण्यात त्या पावडरचा गुण जातो," चपला घालता घालता हेमालीनं परत सांगितलं.

"ऐकलं," मैनाबाई भिंतीकडे बघत म्हणाली. "जा तू. तुझी आय वाट बघत असंल."

हेमालीची आई पाय घसरून पडली होती, पालघरच्या दवाखान्यात होती. नवरा केतन बोटीवर गेलेला. सशांना खायला घालायला घरात सासूशिवाय कोणी नव्हतं, आणि ते दोघींनाही आवडलं नव्हतं.

समुद्रकाठच्या दांडी गावातल्या त्या घराच्या मागच्या अंगणात मैनाबाईनं जन्मभर बोंबील वाळवले होते. नवरा वारल्यावर सुक्या मासळीची टोपली घेऊन ती बोईसरच्या बाजारात बसली, त्यावर केतनला वाढवलं. पुढे गुडघे गेले, बाजार सुटला. गेल्या वर्षी हेमालीनं सशांचे पिंजरे आणले आणि बोंबलांचे बांबू उपटले. मैनाबाईला कोणी विचारलं नाही. तेव्हापासून तिनं सुनेला नावानं हाक मारली नव्हती.

पिंजऱ्यात नुकतंच दूध सुटलेली पिल्लं होती. त्यांना हेमाली गिरणीतला तांदळाचा कोंडा आणि गव्हाचा भुसा घालायची. कोवळ्या पोटाला तो पचावा म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी एन्झाइमची पावडर दिली होती. ती चमच्यानं मिसळताना सून इतकी जपून वागायची, की मैनाबाईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

हेमालीची रिक्षा वळणाआड गेल्यावर मैनाबाईनं पावडरचा डबा उघडून हुंगला आणि फडताळात मागे ढकलला.

"पेजेवर माणसं वाढली. तुमाला काय धाड भरली हाय?" म्हणत तिनं पिल्लांपुढे नुसता कोंडा ओतला. भरपूर ओतला. उपाशी ठेवलं असं कोणी म्हणायला नको.

दुसऱ्या दिवशी पिल्लांची पोटं फुगली. ती कोपऱ्यात अंग आखडून, दात करकरत बसली. मैनाबाई हबकली. डबा काढून तिनं घाईघाईनं पावडर कालवली, पण कोणी तोंड लावेना. एकाला मांडीवर घेऊन ती पोट चोळत राहिली. ते मांडीवरच गेलं.

हेमाली परतली तेव्हा जवळजवळ सगळी गेली होती.

"पावडर घातलीत?"

"नाय."

"का?"

"नाय घातली."

"राग माझा होता ना? मग मना मारायचं. त्यांनी तुमचं काय घेतलं होतं?"

हेमालीनं कुदळ घेतली आणि वाडीत एकटीनं खड्डा खणला.

संध्याकाळी केतन आला. पिल्लांचे जवळजवळ रिकामे पिंजरे बघून त्यानं विचारलं, तशी हेमाली म्हणाली, "हगवण लागली. पिल्लांना होते अशी."

ती आत आल्यावर मैनाबाईनं दबक्या आवाजात विचारलं, "खोटं कशाला बोललीस गो?"

"तुमच्यासाठी नाय. ते तुमाला बोलतील, तुमी उपाशी झोपाल, मग गाव मना नावं ठेवंल."

जेवताना केतननं भात कालवला, आणि मैनाबाई म्हणाली, "पिल्लं मी मारली. पावडर मुद्दाम नाय घातली. हिचा उपकार नको मना."

केतनचा हात थांबला. आईकडे त्यानं एकदाच पाहिलं, ताटात हात धुतला आणि अंधारात किनाऱ्याकडे निघून गेला.

"झालं समाधान?" हेमालीनं विचारलं.

"झालं."

मैनाबाईनं ताटातला भात संपवला. एकेक घास पाण्याबरोबर गिळत, शीत न ठेवता संपवला. मग भिंतीला धरून उठली, मोरीत जाऊन बसली आणि आपलं ताट घासू लागली. हेमाली दारात उभी राहून बघत होती. ताट घासून झालं, विसळून झालं. गुडघ्यांनी म्हातारीला उठू दिलं नाही. हेमालीनं हात पुढे केला नाही, म्हातारीनंही मागितला नाही. ओलं ताट छातीशी धरून ती मोरीतच बसून राहिली, आणि मग नळाला धरून, दात आवळून, हळूहळू उभी राहिली.