बारावरचं हँडल

पिकअपचा मागचा फाळका उघडला, की तो मागे जोडलेल्या ट्रेलरचं तोंड उचलायच्या जॅकच्या हँडलवर दाणकन आपटायचा. फाळका पूर्ण उघडल्याशिवाय आतला स्टोव्ह निघत नव्हता, आणि वाटेत चहाची सोय नसेल तर सासूबाई सहलीला येणार नव्हत्या. घड्याळजींनी जोडदांडा दोनदा लांब करून आणला. ट्रेलर इतका मागे गेला, की शेजारी विचारू लागले, "दोन्ही गाड्या एकाच गावाला ना?" तरी निघायच्या सकाळी फाळका बोटभर अडलाच.

"जावईबापू, हे हँडल असं ताठ उभं का?" सासूबाईंनी विचारलं.

"बरोबर बारावर लावलंय," घड्याळजी अभिमानाने म्हणाले. दुकानातलं दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ ते बारावर लावूनच ठेवत. काटा भलतीकडे दिसला, तर त्यांना घास गिळवत नसे.

"मग आता सहावर आणा."

डोळे घट्ट मिटून घड्याळजींनी हँडल अर्धा फेरा फिरवलं. फाळका अलगद आडवा झाला, खाली चांगली वीतभर जागा!

"उघडला! अगं, उघडला!" ते बायकोला हाका मारत अंगणभर नाचले. सासूबाई तोवर पुढच्या सीटवर बसून हॉर्न वाजवत होत्या.