एकाच कडेला डिंक

मी एक जुनी कात्रणवही आहे. माझे कोपरे मऊ पडलेत, पाठीचं कापड विरलंय, आणि पोटात इतकी कात्रणं आहेत की पोटभर जेवलेल्या माणसाच्या सदऱ्यासारखी मी कायम ताणलेली असते. तरी मी मजेत आहे, हे आधीच सांगून टाकते. जुनी वस्तू बोलायला लागली की आता ही रडणार, असं तुम्हाला वाटत असेल. मला रडायचं नाही. मला थोडं भांडायचं आहे.

मित्रांनो, मी मुळात हजेरीबुक व्हायची होते. पण छापताना माझ्या रेघा तिरक्या गेल्या, आणि बांधणाऱ्यानं मला रद्दीच्या ढिगावर भिरकावलं. तिथून मला एका माणसानं उचललं. टपालानं वस्तू विकणाऱ्या एका कंपनीत तो विक्रीपत्रं लिहायचा. विक्रीपत्र म्हणजे एखादी वस्तू घ्या म्हणून सांगणारं लांबलचक पत्र. तेव्हा ते पाकिटातून घरी यायचं. आता तुमच्या घरातली मोठी माणसं ते फोनवर बोटानं वर सरकवत वाचतात. चार-चार पानं लिहायचा म्हणून कंपनीत त्याला सगळे लांबणकाका म्हणायचे.

काकांनी शाळा सातवीत सोडली होती. लिहायचं कसं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. मग त्यांनी ठरवलं, चांगली पत्रं गोळा करायची आणि त्यांच्याकडूनच शिकायचं. पण चांगलं पत्र ओळखायचं कसं? कंपनीतले बाकीचे लेखक मोठ्या अक्षरांचं, भडक रंगाचं जे दिसेल ते कापून कपाटात कोंबायचे. पुन्हा कधी उघडून बघायचे नाहीत. कपाट भरलं की आपलं डोकं भरलं, असं त्यांना वाटायचं. अशा लोकांचा मला आजही राग येतो. नुसतं साठवणं म्हणजे शिकणं नव्हे.

काकांची रीत वेगळी होती. पत्र वाचून ओळखीच्या कुणीतरी खरोखर ती वस्तू घेतली असेल, तरच ते पत्र माझ्यात यायचं. आणि तेही फक्त वरच्या कडेला डिंक लावून. खालची बाजू मोकळी, झडपेसारखी उचलता येणारी. वर्षभरानं काका त्या माणसाच्या घरी जायचे आणि विचारायचे, वस्तू कशी निघाली? शेजारची शिंपीण त्यांना बघितलं की म्हणायची, "आले चौकशी अधिकारी. अहो, इस्त्री माझी, तुम्हाला कशाची काळजी?" काका हसायचे, इस्त्री हातात घेऊन बघायचे, आणि घरी येऊन कात्रण उचलून त्याच्या खाली दोन ओळी लिहायचे. वर पत्र, खाली निकाल. मी अशी भरत गेले.

ती माझी भरभराटीची वर्षं. कंपनीत नवा माणूस आला की काका मला त्याच्यापुढे ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी वरचं वाच. घ्यावंसं वाटलं का ते मला सांग. मग खालचं उचल." कितीतरी जणांचे चेहरे मी पडताना पाहिले आहेत.

पुढे टपालाचा धंदा बसला, आणि काही वर्षांनी काकाही गेले. काकूंचं शिलाई मशीन डुगडुगायचं. त्यांनी मला त्याच्या एका पायाखाली सरकवलं. तिथे मी बरीच वर्षं काढली. अपमान वाटला, पण अगदीच निकामी नव्हते. मशीनचा तोल माझ्यावर होता.

मला तिथून बाहेर काढलं ते काकांच्या धाकट्या पुतणीनं. ती आणि तिची थोरली बहीण, दोघी काकूंकडेच राहायच्या. थोरली सुतारकाम करायची. एका भाड्याच्या शेडमध्ये दोन कारागिरांना घेऊन तिनं गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्ची तयार केली होती. बैठक उंच, हात पुढे आलेले, म्हणजे उठताना त्यांवर भार देता यावा. चाळीस खुर्च्या तयार होत्या आणि घ्यायला कुणी नव्हतं. दोन महिन्यांत त्या गेल्या नाहीत तर शेड सोडायची, कारागिरांना घरी पाठवायचं आणि पुन्हा फर्निचरच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या फळ्यांना पॉलिश मारायचं, एवढंच थोरलीपुढे उरलं होतं.

धाकटी लिहिणारी. खुर्चीसाठी इंटरनेटवर एक लांब विक्रीपान लिहायचं तिनं अंगावर घेतलं, आणि नमुने हवेत म्हणून मला मशीनखालून ओढलं. माझी धूळ पुसली. कात्रणं खालून लोंबताहेत हे पाहून ती हळहळली. "बिचारीचा डिंक गेलाय," म्हणाली. आणि अख्खी दुपार बसून, खालचं अक्षर न वाचताच, तिनं प्रत्येक कात्रण चारही कडांनी गच्च चिकटवून टाकलं.

मित्रांनो, तिनं ते मायेनं केलं. पण माझ्या तोंडावर हात दाबल्यासारखं झालं. वरची गोड पत्रं तेवढी उघडी राहिली, आणि खालचे निकाल सगळे गाडले गेले.

मग तिनं सगळ्यांत चटकदार पत्र निवडलं. ते केस उगवण्याच्या तेलाचं होतं. त्यात एक दुःखी माणूस होता, सात दिवस होते, आणि "आता थोड्याच बाटल्या उरल्या" असं तीन वेळा होतं. धाकटीनं त्याच साच्यात खुर्ची बसवली. दुःखी आजोबा आले, सात दिवसांत फरक आला, थोड्याच खुर्च्या उरल्या. शेडमध्ये चाळीस पडलेल्या असताना.

आठ दिवसांत एकच फोन आला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, खुर्चीत बसून गुडघे सात दिवसांत खरंच बरे होतात का, मग आईच्या गोळ्या बंद करते. तो फोन नेमका थोरलीनं घेतला. गोळ्या बंद करू नका, असं तिनं त्यांना नीट समजावलं, फोन ठेवला आणि धाकटीसमोर येऊन उभी राहिली.

"मी खुर्ची बनवते. औषध कधीपासून बनवायला लागले?"

"ताई, लोकांना असंच लागतं. काकांच्या वहीतलं आहे."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला. "वाच बघू."

धाकटीनं वाचलं. दुसऱ्या ओळीलाच काकू हसायला लागल्या. "अगं, हे तर तेलाचं पत्र. ह्यांनी तीन बाटल्या घेतल्या होत्या. तुला तुझा काका केसाळ आठवतो का?"

"मग त्यांनी हे वहीत का ठेवलं?"

"खाली लिहिलंय ना. उचलून बघ."

धाकटी हळूच म्हणाली, "मी सगळी चिकटवली, काकू. चारही बाजूंनी."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शहाणी माझी ती. किटली ठेव गॅसवर."

किटलीच्या वाफेवर त्यांनी माझं एकेक पान धरलं. पोळलं मला. दोन-तीन निकालांची शाई फुटली आणि ते कायमचे गेले. पण बाकीची कात्रणं सुटली. तेलाच्या खाली काकांचं अक्षर होतं. "घेतलं. तीन बाटल्या. एक केस नाही. पत्र उत्तम, लिहिणारा खोटा. आपण असं लिहायचं नाही."

धाकटीनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग तिनं एकामागून एक कात्रणं उचलली. शेवटी ती आली एका कंटाळवाण्या दिसणाऱ्या पत्रापाशी. चित्र नाही, रंग नाही, चार पानं नुसती एका शिडीबद्दल. लाकूड कुठलं, पायरी कशी ठोकली, वजन किती पेलते. आणि मधेच एक ओळ. आपलं छत दहा फुटांच्या आत असेल तर ही शिडी घेऊ नका, घरातलं स्टूल पुरेल. तिथे समासात काकांनी लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, "इथे माझा विश्वास बसला." आणि खाली, "घेतली. अकरा वर्षं झाली. एक पायरी हलली नाही."

"ही कुठली शिडी?" धाकटीनं विचारलं.

"माळ्यावर कशानं चढतेस तू?" काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी मला काखोटीला मारून शेडमध्ये गेली. पहिल्यांदाच ती त्या खुर्चीत बसली. उठली, पुन्हा बसली. ही उंची कशी ठरली, हा हात पुढे का, हा सांधा खिळ्याशिवाय कसा टिकतो, असं विचारत राहिली. थोरली रंधा मारत उत्तरं देत होती. मग धाकटीनं विचारलं, "ही कुणी घेऊ नये?"

रंधा थांबला. "पाच फुटांच्या आतल्यांनी. पाय जमिनीला टेकत नाहीत."

"लिहू?"

"वेडी आहेस का? गुडघे दुखणाऱ्या निम्म्या बायका तेवढ्याच आहेत. कोण घेईल मग?"

"उरलेल्या निम्म्या घेतील. आणि पुरुष."

थोरली रंध्यावरचा भुसा फुंकत राहिली. मागून एक कारागीर म्हणाला, "लिहू दे की. पाय लटकतात म्हणून परत आलेल्या खुर्च्या ठेवायच्या कुठे?" थोरलीला हसू आलं. तिनं मान हलवली.

नवं पान लांबच होतं, आधीपेक्षा लांब. पण त्यात दुःखी आजोबा नव्हते. खुर्ची होती. आणि मधोमध ती ओळ होती, पाच फुटांच्या आतल्यांनी घेऊ नका.

पहिल्या आठवड्यात दोन गेल्या. थोरलीचा जीव टांगणीला. तिसऱ्या आठवड्यापासून फोन थांबेनात. मुदत संपताना शेडमध्ये नऊ खुर्च्या राहिल्या. चाळीस गेल्या, असं मी सांगणार नाही, खोटं लिहिणाऱ्यांवर एवढी चिडल्यावर तर नाहीच. पण बुटक्या लोकांनी फोन करकरून विचारलं होतं, आमच्या मापाची कधी करता? त्या मागणीवर थोरलीनं आणखी एक वर्ष शेड ठेवली.

मित्रांनो, तुम्हीही उद्या काही लिहाल, आणि नमुने शोधाल. भरपूर शोधा. पण चमकतं म्हणून उचलू नका. ते वाचून कुणी काय घेतलं आणि त्याचं पुढे काय झालं, हे विचारायला त्याच्या दारी जा. लोक हसतील, हसू द्या. आणि माझ्यासारखी जुनी वही हाती लागली तर तिला जपा, पण आधी तिची पानं उचलून बघा. झाकून टाकणं म्हणजे जपणं नव्हे.

आता मी टेबलावर असते. मशीनखाली पाटीचा तुकडा गेला. धाकटीनं स्वतःचं पान छापून माझ्यात लावलं, एकाच कडेला डिंक लावून. खालची जागा तिनं वर्षभर कोरी ठेवली. काकूंनी, कुणाचं न ऐकता, उरलेल्या नवांतली एक खुर्ची घरी आणून ठेवली होती. काकू चार फूट अकरा. परवा त्यांनी चष्मा लावला, झडप उचलली आणि शिवणकामाच्या खडूनं काढल्यासारख्या जाड अक्षरात लिहिलं,

"घेतली. उठायला सोपं जातं. पाय लटकतात. तसं लिहिलंच होतं."