माझ्या पाण्यावरचा झेंडू

मित्रांनो, थंडीच्या सकाळी कधी चाकणच्या बाजूला आलात, तर कंपन्यांच्या पत्र्यांमागून पांढरे ढग उठताना दिसतील. बसमधली मुले बोट दाखवून म्हणतात, बघा, धूर निघतोय. तो धूर नव्हे. तिथे काहीच जळत नाही. ती तापलेल्या पाण्याची वाफ असते, आणि त्यातला एक ढग माझा आहे. मी महाळुंग्याच्या एका प्लास्टिक कंपनीचा म्हातारा कूलिंग टॉवर. लोक मला पाहतात तेव्हा ही टाकी कसली, असे विचारतात. मी टाकी नाही. टाकी पाणी साठवते. मी पाणी निववतो.

माझा जन्म भोसरीतल्या एका शेडमध्ये झाला. लाकडी साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वरून चिकट राळ फासायची, ती वाळली की पुन्हा चटई, पुन्हा राळ. त्या धाग्यांनी कारागिरांच्या हाताला अशी खाज सुटे, की ते कामाला बसण्याआधी कोपरापर्यंत खोबरेल तेल चोळून घेत. त्या तेलाचा वास अजून माझ्या आठवणीत आहे. मी तयार झालो तेव्हा रांजणासारखा दिसत होतो, पोटाशी रुंद आणि गळ्याशी अरुंद. रंग निळाशार. डोक्यावर पंखा, कमरेला हवा आत यायला झडपा, आणि पायाशी पाण्याचा हौद.

माझे काम समजायला फार शिकावे लागत नाही. तुमच्या घरातला माठ पाहा. तो पाझरतो, ते पाणी वाऱ्यावर उडते आणि उडताना आतली उष्णता घेऊन जाते. मी तसाच एक मोठा माठ आहे. कंपनीत प्लास्टिक वितळवून साच्यात दाबतात. साचा तापतो. तो लवकर निवला नाही तर आतला भाग वाकडा निघतो. म्हणून साच्याच्या पोटातून पाणी फिरवतात. ते गरम होऊन माझ्या डोक्यावर येते, मी त्याचे थेंब थेंब करून वाऱ्यातून खाली सोडतो, आणि हौदात पडेपर्यंत ते गार झालेले असते. मग पंप ते पुन्हा साच्याकडे पाठवतो. तेच पाणी दिवसभर फिरते. चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते, तेव्हा मी झकास चालतो. श्रावणात हवा ओली झाली की माठाचे पाणी कोमट लागते ना, तसे माझेही होते. त्यात माझा दोष नसतो.

मला उभा केला तो इनायतभाईंनी. ते बार्शीहून आलेले फिटर. तेव्हा त्यांची मिशी काळी होती आणि कंपनी भोसरीला होती. माझा पहिला नट त्यांनी आवळला. ते परत येणाऱ्या पाण्याच्या पाइपावर तळहात ठेवत आणि अंशांचा आकडा सांगत. मागून थर्मामीटर लावला तर एखाद्या अंशाचाच फरक निघे. पंख्याच्या आवाजावरून त्यांना पट्टा सैल झालेला कळायचा. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते पंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीचे झाकण उघडत, जाळी धूत आणि परत लावत. पाण्यात आलेला कचरा तिथे अडतो. जाळी तुंबली की पाणी अडते, आणि पाणी अडले की माझ्या गारपणाचा कुणाला उपयोग नसतो.

एकदा मोठ्या मोटार कंपनीचे पाहुणे तपासणीला आले होते. पाण्याची टंचाई होती, आजूबाजूला टँकर फिरत होते, आणि आमच्याकडे तेच पाणी फिरवून काम चालले होते. पाहुण्यांनी माझ्यासमोर उभे राहून फोटो काढला. इनायतभाई त्या फोटोत कडेला आहेत, हातात पाना. तो फोटो पुढे बरीच वर्षे ऑफिसात लागलेला होता, असे ते सांगत.

पुढे कंपनी चाकणला हलली. मला ट्रकवर आडवा घातला. मोशीला इंद्रायणीचा पूल ओलांडताना मी खाली इतके पाणी पहिल्यांदा पाहिले आणि मला उगाच आपण फार लहान आहोत असे वाटले. नव्या जागी पुढे काच, आत यंत्रमानवाचे हात, आणि मागे, भिंतीच्या आड, मी. ऑफिसातला फोटो तेवढा सामानात कुठे हरवला. माझा निळा रंग उडून राखेसारखा झाला. पाण्याचा दाब दाखवणारा काटा एका आकड्यावर झोपला तो चार वर्षे उठला नाही. कुणी बदलला नाही, कारण माझे काम चालू होते. चालणाऱ्याकडे कोण पाहतो?

पाहायची ती एक तानुबाई.

तानुबाई महाळुंग्याचीच. ठेकेदाराकडून साफसफाईला लागलेली. दर गुरुवारी कंपनीला सुट्टी, तेव्हा ती माझ्या हौदात उतरून गाळ काढी. पाणी उडून गेले तरी त्यातले क्षार मागे राहतात, म्हणून माझ्यातले थोडे पाणी रोज बाहेर सोडावे लागते. ते भिंतीकडेने वाहत वाया जाई. तानुबाईने तिथे झेंडू लावला. त्या खारट पाण्यावर झेंडू असा माजला, की शेजारच्या कंपनीतल्या बायका रोपे मागायला येत. इनायतभाई तिला म्हणत, "तानुताई, माझ्या टॉवरचं पाणी तू फुलांना पाजतेस. हिशेबात धरतेस का?" ती म्हणे, "तुमचा टावर कुठला, भाऊ? गाळ मी काढते."

खंडेनवमीला कंपनीत यंत्रांची पूजा होते. प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू, हार, समोर नारळ. मागच्या भिंतीआड मात्र पुजारी कधी आला नाही. तानुबाईच स्वतःच्या झेंडूचा एक छोटा हार करून माझ्या शिडीला बांधे आणि दसऱ्यानंतर सोडून नेई.

मागच्या वर्षी इनायतभाई तिला सहज म्हणाले, की या दसऱ्याला टॉवरला तीस वर्षे झाली. एवढे ऐकून तिने पाटीभर फुले तोडली. शिडीवर चढून माझ्या कमरेभोवती, झडपांवरून, पुरा वेढा बसेल असा हार बांधला. तीस वर्षांत मला असा हार कुणी घातला नव्हता.  त्या वर्षी खंडेनवमी पहिल्या तारखेलाच आली होती, आणि त्याच सकाळी इनायतभाईंनी जाळी धुऊन लावली होती.

पण झडपांतून हवा आत ओढली जाते, आणि आतून पाण्याचे तुषार बाहेर येतात. हार भिजला. दसऱ्याची सुट्टी संपून पंखा जोरात फिरू लागला, तसा तो सुटून एका बाजूने आत ओढला गेला. पाकळ्या, देठ, दोरा, सगळे हौदात. तिथून पंपाच्या ओढीने थेट जाळीवर. पुढच्या गुरुवारी गाळ काढायला आलेल्या तानुबाईला वाटले, हार कुणी सोडून नेला असेल. मला मात्र कळत होते. मित्रांनो, आम्हा वस्तूंना कळते सगळे, सांगता येत नाही.

आठवड्यात साचे तापू लागले. मोटारीच्या दिव्याचे कव्हर चाळीस सेकंदांत निघायचे, ते पंचावन्न सेकंद ठेवले तरी वाकडे निघू लागले. रद्द भागांचे लाल क्रेट भरू लागले. शिफ्टचा प्रमुख सुजित म्हणाला, की मागचा म्हातारा आता दमला. वीज आणि पाणी वाचवण्याचे काम पाहणारी इंजिनिअर उत्कर्षा थर्मामीटर घेऊन आली. माझ्या हौदातले पाणी गार होते. परत येणारे मात्र चटका बसावा असे गरम. ती विचारात पडली. तिने काट्याकडे पाहिले, तो नेहमीच्या आकड्यावर झोपलेला. मग तिने बरोबर तेच विचारले, जे विचारायला हवे होते.

"इनायतभाई, जाळी बघितली का?"

"खंडेनवमीला माझ्या हातानं धुतलीय, मॅडम. तीस वर्षं धुतोय."

त्या आवाजापुढे तिने पुन्हा विचारले नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला, झाकण उघडून दाखवा, असे कसे म्हणायचे? आणि पहिल्या तारखेच्या आत झाकण उघडणे म्हणजे आपलाच हात खोटा ठरवणे, असे इनायतभाईंना वाटले. दोघांनी एकमेकांचा मान ठेवला, आणि दोष माझ्यावर आला. बर्फाच्या कपाटासारखा, विजेवर पाणी गार करणारा नवा चिलर आणायचे ठरले. तो वीज पुष्कळ खाणार होता, हे उत्कर्षाला ठाऊक होते. तिने ते लिहूनही ठेवले. पण वाकडे भाग रोज निघत होते. इनायतभाईंची निवृत्ती दिवाळीनंतर होती. आपले दोघांचे एकदमच झाले, असे ते मला म्हणाले आणि माझ्या पाइपावर हात ठेवून उभे राहिले. परत येणाऱ्या पाण्याचा चटका त्यांच्या तळहाताला बसला असणार. पण त्या हाताने या वेळी त्यांना काही सांगितले नाही. मन दुखावलेले असले की हातालाही ऐकू येत नाही.

दिवाळीच्या चार दिवस आधी भंगारवाला कामरान टेम्पो घेऊन आला. त्याने माझ्या पोटावर बोटे वाजवली, पंख्याची मोटर तेवढी कामाची आहे म्हणाला, आणि गॅस कटरची नळी सोडायला लागला. उत्कर्षा कागदावर सही घ्यायला उभी होती. सुजित होता. इनायतभाई पाठ करून उभे होते.

तानुबाई लक्ष्मीपूजनासाठी झेंडू तोडायला आली होती. ज्यातला गाळ काढला तो हौद एकदा शेवटचा पाहावा म्हणून ती माझ्याजवळ आली, आणि तिला झडपेवर एक गाठ दिसली. तिने बांधलेली गाठ. तिच्याखाली हार नव्हता. चार बोटे दोरा तेवढा आत गेला होता.

तिच्या हातातली पाटी खाली गेली. बोलावे तर ठेकेदार दुसऱ्या दिवशी नाव काढणार. गेल्याच महिन्यात एका बाईला बादली फुटली म्हणून घरी बसवले होते. आणि बोलावे तर इनायतभाऊंची तीस वर्षांची जबान चारचौघांत खाली येणार. न बोलावे तर मी जाणार. तिने दोऱ्याचे टोक बोटाला गुंडाळले. कामरानने काडी ओढली.

"थांबा वो," ती म्हणाली. "मॅडम, हार मीच बांदला व्हता हितं. आता न्हाई तो. आत गेला आसंल."

कामरानने पेटती काडी विझवली. मग सुजित म्हणाला, "गणपती कंपनीत बसवतोच आपण. आता निर्माल्यही टॉवरमध्येच सोडा."

इनायतभाईंनी त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी पाना काढला. पंप थांबवायला सांगितला, आणि जाळीचे झाकण उघडले. आत दोन मुठींएवढा काळा गोळा होता. दोऱ्यात गुंडाळलेला, सडलेला, आणि मधोमध एक पाकळी अजून पिवळी. ते गुडघ्यांवर बसून त्या पाकळीकडे पाहत राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "चूक हिची नाही लिहायची. हिनं फुलं वाहिली. मी न बघता शब्द दिला. माझी जबान जाळीपेक्षा मोठी झाली होती."

"आणि मी विचारून गप्प बसले," उत्कर्षा म्हणाली.

जाळी धुतली. पंप सुरू झाला. तासाभरात साचे निवले आणि कव्हर सरळ निघू लागले. कामरान बराच वेळ कुरकुरला, चहा प्यायला, आणि झोपलेला काटा तेवढा भंगारात घेऊन गेला. उत्कर्षाने वहीत लिहिले: जाळी न उघडल्याने पाणी अडले. कुणाचेही नाव लिहिले नाही. नवा काटा बसला. पंख्याला असे यंत्र लावले, की गरज असेल तेवढाच तो फिरतो. थंडीत तर मी अर्धा दिवस नुसता सावकाश श्वास घेतो, आणि कंपनीचा चिलर दुकानातच राहिला.

निवृत्त होण्याआधीच्या पंधरा दिवसांत इनायतभाईंनी तानुबाईला पाना धरायला शिकवले. आकडे तिला वाचता येत होते. अक्षरे ती वहीतल्या जुन्या नोंदी पाहून शिकली. ठेकेदाराला उत्कर्षाने काय सांगितले ते मला ठाऊक नाही, पण तानुबाईचे नाव कुणी काढले नाही. आता दर गुरुवारी ती झाकण उघडते, आणि वहीत वाकड्या, ठळक अक्षरांत लिहिते: जाळी पाहिली.

धुतली, असे ती लिहीत नाही. पाहिली, असेच लिहिते.

यंदा खंडेनवमीला इनायतभाई पाहुणे म्हणून आले. मिशी पांढरी, अंगात इस्त्रीचा सदरा. त्यांनी सवयीने पाइपावर तळहात ठेवला आणि आकडा सांगितला. तानुबाईने नव्या काट्याशेजारचा थर्मामीटर पाहिला आणि म्हणाली, "एका अंशानं चुकला, भाऊ. म्हातारं झाला तुमी." ते पोट धरून हसले. माझ्या अंगावर या वर्षी हार नव्हता. तानुबाईने तो समोरच्या भिंतीवर, खिळ्याला टांगला होता, मला दिसेल असा आणि माझ्या वाऱ्यापासून दूर. नारळ फोडायच्या आधी तिने पाना इनायतभाईंच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडले, दोघांनी वाकून आत पाहिले, आणि मग पूजा झाली.

माझे आयुष्य आता फार उरलेले नाही. झडपा ठिसूळ झाल्या आहेत. एक दिवस कामरान पुन्हा येईल आणि त्या दिवशी त्याला कुणी थांबवू नये, इतका मी खरोखर थकलेला असेन. तोवर एवढेच मागणे. मित्रांनो, तुमच्या घरातला पंखा असो, सायकल असो, की कोपऱ्यात बसलेले एखादे जुने माणूस असो, वर्षातून एकदा हार घातलात तर त्यांना आनंदच होईल. पण त्याआधी झाकण उघडून आत बघत जा. कालच पाहिले होते, असे म्हणू नका.