निम्मा खड्डा

एनेइदा आईच्या स्वयंपाकघरात पुरातत्त्वाच्या खोदकामासाठी मोजणीची दोरी ताणत होती, तेव्हाच म्हातारीचा चेहरा उतरला होता. पण लेकीला कुठलं लक्ष! अंगणात तिला कुजलेल्या खांबांचे काळे गोल डाग एका रांगेत सापडले होते. पाचशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर उतरलेल्या स्पॅनिश लोकांचं घर! रांगेतला शेवटचा डाग नेमका चुलीशेजारी निघाला आणि पोरगी हरखून गेली.

खोदकामाचे प्रमुख फाबियो सर नकाशा बघून म्हणाले, "मग हे स्वयंपाकघर पाडावं लागेल. खाली सगळं खणायचं."

एनेइदाने दोरी खाली टाकली. एवढी शिकली, पण हे काही तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

आई, फ्रेदेसविंदा, कसावाच्या कंदाची भाकरी तव्यावर तशीच टाकून उठली आणि स्टूल घेऊन थेट त्या डागावर बसली. "कसला खांब नि कसलं काय! हा खड्डा मी खणलाय. हिची नाळ पुरलीय इथे, राख घालून."

"उकरून दाखवा, बाई," सर म्हणाले.

"उकरायचं नाही! चुलीजवळची नाळ काढली की लेक घराला पारखी होते. माझी बहीण अशीच गेली न्यूयॉर्कला. आली का परत?"

"मग पाडतो," सर म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

एनेइदा आईपुढे उकिडवी बसली. डाग खरंच खांबाचा आहे का, हे आधी निम्माच कापून बघायचं, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. इथे तिने तो टाळला होता. आईची सारवलेली जमीन बिघडेल, हे एक निमित्त. खरं म्हणजे तिला तो खांबच हवा होता. स्वतःचीच लाज वाटली तिला.

"आई, निम्माच खणते. तुझ्या बाजूला हात लावत नाही. नाळ कुठल्या अंगाला?"

 म्हातारीने स्टूल भिंतीकडे सरकवलं. "या, माझ्या अंगाला."

एनेइदाने दुसरं अंग खणलं. वीतभर खाली, राखेत, बियरच्या बाटलीचं गंजलेलं बूच निघालं.

"तुझा बाप," फ्रेदेसविंदा म्हणाली. "तू झालीस म्हणून ढोसत होता मेला."

सरांनी आत येऊन बूच उलटसुलट पाहिलं आणि हसू दाबलं. "ठीक. पाचशे वर्षांपूर्वीच्या खड्ड्यात बियरचं बूच नसतं. राहू दे स्वयंपाकघर. पण उरलेला निम्माही काढ."

"नाही, सर. तो माझा आहे."

तिने नकाशातला शेवटचा गोल खोडला, माती परत लोटली, हाताने थोपटली. स्पॅनिश लोकांचं घर एका खांबाने आखूड झालं.

"निम्मा खड्डा तर वाचला," आई भाकरी उलटत म्हणाली. भाकरी पार करपली होती. "आता निम्मी तरी घरी राहशील ना गं?"

एनेइदाला हसू फुटलं आणि रडूही.