कोरडी पुडी

बनाबाईच्या ओट्यापुढे माणूस मावत नव्हता. पैनगंगा गावातून उतरून चार दिवस झाले होते. गल्लीत अजून पोटरीभर गाळ होता, पण आंबेगव्हाणच्या लोकांना तो उपसायला सवड नव्हती. सगळे ओट्यावरच्या लाल कपड्याकडे डोळे लावून उभे होते. कपड्यावर अंगाऱ्याची एक पुडी होती. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली, बोटभर लांब आणि खडखडीत कोरडी. बनाबाईच्या घरात छातीएवढं पाणी एक दिवस एक रात्र उभं होतं. गव्हाची पोती कुजली, टीव्ही गेला, लुगड्यांचा लगदा झाला. पुडीला मात्र थेंब शिवला नव्हता.

"पानी मेरे को पूछ के चढ़ता है, माई," महाराज मांडी ठोकून सांगत होते. "मैंने बोला, जा बेटी पैनगंगा, सब ले जा, लेकिन अंगारे को हाथ नहीं लगाना. लगाया क्या हाथ?"

"नाही लावला, महाराज," लोक म्हणाले.

हे महाराज म्हणजे कोण, तर जेठ महिन्यात घरोघर फिरून 'पुरापासून रक्षा' म्हणून पुड्या वाटून गेलेले गृहस्थ. पुडी घरोघर होती आणि पूरही घरोघर शिरला, एवढा साधा हिशोब गावात कोणी मांडला नाही. महाराजांनीच तो मांडून दिला होता: ज्याची पुडी भिजली त्याचा भाव कच्चा, जिची कोरडी राहिली तिचा पक्का. झालं. त्या दिवसापासून बनाबाईच्या हातचा अंगारा विहिरीच्या पाण्यात कालवून पिणं हे गावाचं औषध झालं. त्या बदल्यात मदतीत आलेल्या ताडपत्र्या आणि सतरंज्या घराला एक याप्रमाणे महाराजांच्या जीपमध्ये चढत होत्या.

समोरच्या ओट्यावर मनकर्णाबाई गाळाचं घमेलं घेऊन बसली होती. ही बनाबाईची थोरली जाऊ. दोघींची घरं समोरासमोर, पस्तीस वर्षांचा शेजार. मनकर्णाबाईने आपली पुडी देवळीत, देवाजवळ ठेवली होती. पाणी ओसरल्यावर तिथे बोटाला लागेल एवढा काळा चिखल सापडला. म्हणजे तिचा भाव कच्चा. नवरात्राचे नऊ दिवस उपास धरणारी ती, आणि पक्की कोण, तर एकादशीला चोरून भजे खाणारी बनी! मनकर्णाबाईच्या पोटात जे दुखत होतं त्याला कोणत्याही पुडीत औषध नव्हतं. लोक बनाबाईच्या पाया पडत, आणि इकडे हिच्या अंगाचा तिळपापड होई. रात्रंदिवस तिची एकच इच्छा होती, की हे सगळं खोटं निघावं.

अशात तिची सून करिष्मा, पाच वर्षांच्या समीक्षाला कडेवर घेऊन, त्याच गर्दीत शिरताना तिला दिसली. पोरीला कालपासून जुलाब लागले होते.

"कोठी चालली व?"

"काकूच्या हातचा अंगारा घेऊन येतो. सगळे घेऊन राह्यले."

"माह्या नातीले त्या बनीच्या दारात उभी करतं?"

करिष्मा तशीच रांगेत जाऊन उभी राहिली. आपली सून आपल्याच वैरिणीच्या उंबऱ्यावर पदर पसरून उभी, हे मनकर्णाबाईच्या डोळ्यांत मिरचीसारखं झोंबलं.

करिष्मा अंगारा घेऊन परतली, तेवढ्यात आरोग्यखात्याची आशाताई सुवर्णा आली. तिच्या एका हातात पांढऱ्या जंतुनाशक पावडरीची पिशवी आणि दुसऱ्यात ओआरएसच्या पुड्या होत्या. बौद्धवाड्यातली ही पोर पाणी उतरल्यापासून घरोघर फिरत होती. तिने समीक्षाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी सावकाश जागेवर गेली.

"मावशी, पुराचं घाण पानी सगळं विहिरीत उतरलं. मी टीसीएल पावडर टाकाले गेली तं महाराजाचे लोक आडवे झाले. पावडर टाकली का अंगारा मरते म्हनतात. आज अकरा लेकरं झाले जुलाबाचे." ती समीक्षाकडे पाहून हळूच म्हणाली, "थ्या पुडीचं कौतुक पुरे करा आता. पुडी कोरडी राह्यली, अन् लेकरू कोरडं पडून राह्यलं."

तिने ओआरएसची पुडी पुढे केली. करिष्माने दोन्ही पुड्यांकडे पाहिलं आणि अंगारा पदराला बांधला. "पहिले हे देऊन पाहतो," ती म्हणाली.

मनकर्णाबाई सुनेवर तोंड सोडणार, तोच समोरून बनाबाईचा आवाज आला. चार दिवसांत तिच्या आवाजाला वेगळंच वळण आलं होतं. "बाई, मले लोकाइचं पाहा लागते ना. तेवढं माहं घंगाळ घासून द्या."

धाकट्या जावेने थोरलीला भांडी घासायला सांगावी! मनकर्णाबाई उठली, ते घंगाळ त्या महाराजाच्या टाळक्यात घालायच्याच विचाराने. पण गर्दीच्या देखत नाही कसं म्हणावं? तिने ते पितळी घंगाळ ओढत आपल्या दारातल्या गुरांच्या हौदापाशी आणलं आणि राख घेऊन, बनीचं थोबाड समजून, घासायला घेतलं.

बाहेरून घंगाळाला गाळाचा जाड थर बसला होता. तिने ते उलटवलं आणि तिचा हात थांबला. आतून गाळ फक्त काठाजवळ होता, जेमतेम दोन बोटं. त्याच्या पलीकडे घंगाळ स्वच्छ. बुडाशी तर दिवाळीच्या घासणीची चिंचेची चकाकी तशीच होती.

छातीएवढ्या पाण्यात बुडालेल्या भांड्याच्या पोटात पाणी गेलंच नाही?

तिने घंगाळ पालथं धरून हौदात दाबलं. ते खाली जाईना. खालून कोणी तळहात लावून रेटावं तसं वर येऊ लागलं. हा रेटा तिच्या हातांच्या ओळखीचा होता. माहेरी, नदीच्या डोहात, पालथा हंडा पोटाशी धरूनच ती पोहायला शिकली होती. पालथ्या हंड्यात वारा कोंडतो, तो पाण्याला आत येऊ देत नाही. हे तिला माहीत होतं, बनीला माहीत होतं, त्या गर्दीतल्या निम्म्या बायकांना माहीत होतं. आणि सगळ्या मिळून हात जोडून उभ्या होत्या.

मनकर्णाबाईला एवढा आनंद झाला, की समीक्षा आजारी आहे हेही ती क्षणभर विसरली. खोटं कशाला सांगायचं? तो आनंद काही सत्य सापडल्याचा नव्हता. बनी सापडल्याचा होता.

"सुवर्णा, इकडे ये बाई. घंगाळ दाबाले जोर लागते." आणि मग साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ती म्हणाली, "महाराज, मले एक नवी पुडी द्या. माहा भाव कच्चा होता, आता पक्का झाला का पाहतो."

महाराज खूश झाले. त्यांनी पुडी दिली. लोक हौदाभोवती जमले. मनकर्णाबाईने गाळाचा गोळा करून पुडी घंगाळाच्या बुडाला आतून चिकटवली, घंगाळ पालथं केलं, आणि दोघींनी सगळा भार देऊन ते पाण्याखाली धरलं. शंभर आकडे मोजून वर काढलं. पुडी कोरडी होती.

"देखा?" महाराज म्हणाले. "अंगारे की ताकद!"

"थांबा. कारभारी भाऊजी, तुमची तंबाखूची पुडी द्या."

म्हाताऱ्या कारभारींनी कुरकुरत कनवटीची पुडी काढली. तीही घंगाळात बसून हौदात बुडी मारून कोरडीच बाहेर आली. कारभारींनी ती उघडून चिमूटभर मळली आणि गर्दीत पहिलं हसू फुटलं.

"तंबाखूचा भाव पक्का झाला काय, महाराज?" मनकर्णाबाई म्हणाली. "अन् माहा कोनता भाव? मी तं सकाळपासून बनीच्या नावानं बोटं मोडून राह्यली. आता तुम्ही असं करा, तुमची पुडी उघडी पान्यात टाका. घंगाळ नको. पान्याले सांगा, हात लावू नको म्हना. तुमाले पुसूनच चढते ना थे?"

महाराज म्हणाले, ही परीक्षा घ्यायची वेळ नव्हे. ग्रह बरोबर नाहीत. माईच्या डोक्यात मत्सर भरला आहे.

"हाव, भरला आहे," मनकर्णाबाई म्हणाली. "मत्सरानं पानी चढत नाही का उतरत नाही. बने, तू सांग. पुडी कोठी होती?"

बनाबाईचं तोंड उतरलं होतं. तिने एकदा महाराजांकडे पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. "पाटावर ठेवली होती. वर घंगाळ पालथं घातलं, अन् घंगाळावर वाटनाचा पाटा ठेवला."

"काऊन?"

"तुमची नजर लागू नये म्हनून. पाटा तुमाले उचलत नाही ना." ती रडत पुढे म्हणाली, "मी महाराजाले सांगतलं होतं पहिल्याच दिवशी. थे म्हने, घंगाळाचं नाव काढू नको."

गर्दी जीपकडे वळली. मग कोणीतरी जीपमधली आपली ताडपत्री ओढली, आणि त्याच्या मागून दुसऱ्याने. महाराजांनी ड्रायव्हरला आवाज दिला तेव्हा त्यांची हिंदी कुठल्या कुठे गेली होती. "लवकर काढ बे गाडी," एवढंच ते स्वच्छ वऱ्हाडीत बोलले.

सुवर्णाने पावडर बादलीत कालवून ठेवली, वरचं निवळ पाणी विहिरीत ओतलं आणि रहाटाने ढवळलं. या वेळी कोणी आडवं आलं नाही. करिष्माने पदराची गाठ सोडून अंगारा गाळात झटकला आणि उकळून गार केलेल्या पाण्यात दुसरी पुडी फोडली. चमचा चमचा करत समीक्षा संध्याकाळपर्यंत पेलाभर प्याली. रडताना तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, तशी सुवर्णा म्हणाली, "आता भेव नाही." तिसऱ्या दिवशी पोर उठून भाकर मागू लागली.

त्याच सकाळी मनकर्णाबाईने दार उघडलं, तर ओट्यावर नारळ, हळदकुंकू आणि सहा-सात बायका. सगळ्यांत पुढची, कडेवर लेकरू असलेली, वाकून तिच्या पायाला हात लावत म्हणाली, "माय, तुह्या अंगात देवी आहे. महाराजाचं कपट तुले दिसलं. लेकराच्या डोक्यावर हात ठेव."

मनकर्णाबाईने समोर पाहिलं. समोरच्या ओट्यावर बनाबाई गाळाचं घमेलं घेऊन बसली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मनकर्णाबाईला चांगलं ओळखता येत होतं. चार दिवस ते तिने स्वतः भोगलं होतं. मन म्हणालं, बस मनकर्णे, घटकाभर तरी बस, बनीला पाहू दे. तिचा हात खरोखरच त्या लेकराच्या डोक्याकडे निघाला होता. लेकराचे डोळे खोल गेले होते, अगदी परवाच्या समीक्षासारखे.

तिने हात मागे घेतला.

"देवी नाही अन् काही नाही. माहं पोट दुखत होतं बनीच्या नावानं, म्हनून मी घंगाळात डोकावली. तुमचं कोनाचं दुखत नव्हतं, म्हनून तुम्ही कोनी डोकावलं नाही. कोनी काही म्हनो, भांडं उलटून पाहत जा. मी म्हनलं तरी पाहत जा. अन् हे लेकरू घेऊन पहिले सुवर्णाकडे पळ."

बाई लेकराला घेऊन गेली. बाकीच्या घुटमळत उभ्या राहिल्या. नारळ कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. मनकर्णाबाईने पदर खोचला, फावडं उचललं आणि गल्ली ओलांडून बनाबाईच्या ओट्याशी गेली.

"सरक," ती म्हणाली. "तुह्या दारातला गाळ माह्याकडे वाहून येते."