चुलीपुढचा खड्डा

सप्ताहात कीर्तनकार बुवांना जेवू घालायची पाळी वच्छलाच्या घरावर आली, तेव्हा गावाने ती परस्पर दुसऱ्या घरी दिली. वाईट मनाने नव्हे हो, दया येऊनच. घरच्या बाईने आपल्या हाताने रांधायचं आणि आपल्याच हाताने वाढायचं, अशी चिमूरकडच्या त्या तळ्याकाठच्या गावाची रीत. आणि वच्छलाला तर आमवाताने खाटेला खिळवून तिसरं वर्ष लागलं होतं. गुडघे अर्धवट वाकून तसेच आखडलेले. ना पुरते मिटत, ना सरळ होत. बोटंही वाकडी झालेली. कीर्तनात पुढच्या रांगेत बसून टाळ्यांनी ताल धरणारी बाई आता पडवीतून, वारा आणील तेवढंच ऐकायची.

"बरं झालं," बातमी ऐकून ती म्हणाली आणि तिने भिंतीकडे तोंड केलं.

इतक्या वर्षांच्या संसारात मुखरूला एवढं कळत होतं, की वच्छलाचं 'बरं झालं' म्हणजे काही बरं झालेलं नसतं. तो उठला आणि सप्ताहाची व्यवस्था पाहणाऱ्या लटारूकडे गेला.

"भाऊ, आमची पाळी आमालेच राहू दे."

"अन रांधन कोन? तू? तुह्या हातचा भात तं बैलही हुंगून सोडन!"

"वच्छलाच रांधन."

बोलून तर गेला. पण रांधणार कशी? जमिनीवर तिला बसता येत नव्हतं. चूल ओट्यावर घ्यावी, तर उभं राहता येत नव्हतं. खाट चुलीशी नेली, तर हात खाली पोचत नव्हता. विठ्ठलाचं नाव घेत मुखरू गल्लीतून येत होता, तोच विणकर पत्रूच्या घरातून मागाची खटखट ऐकू आली. दारातून पाहिलं, तर पत्रू जमिनीवरच बसलेला, पण पाय मागाखालच्या खड्ड्यात सोडलेले. खुर्चीवर बसलेल्या साहेबासारखा ऐटीत.

"काऊन रे भाऊ, असा काऊन पाहून राह्यला?" पत्रूने विचारलं.

"तुहा खड्डा किती खोल हाये?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुखरूने सब्बल घेतली आणि तो चुलीपुढची सारवलेली जमीन खणायला लागला. आवाज ऐकून शेजारची गुणाबाई डोकावली आणि तिने कपाळावर हात मारला.

"माय वं! बाई जिती हाये, अन हा घरात खड्डा खंदून राह्यला!"

ते पडवीत ऐकू गेलं. मुखरू माती झटकत बाहेर आला तेव्हा वच्छलाच्या डोळ्यांना धार लागली होती.

"इतकी जड झाली का मी तुमाले?"

मुखरूने तिला खाटेसकट ओढत चुलीपाशी नेलं. मग स्वतः खड्ड्यात पाय सोडून काठावर बसला, डोक्यावर धोतराचा सोगा पदरासारखा घेतला आणि भाताच्या रिकाम्या गंजात पळी फिरवू लागला.

"भात करपला वाटते," तो बारीक आवाज काढून म्हणाला.

वच्छला पाहत राहिली. आधी तिच्या ओठाचं एक टोक हललं, मग खांदे हलले, मग ती पोट धरून हसली. "पळी तं नीट धरा! नाचणाऱ्या पोरावानी काय फिरवून राह्यले?"

खड्ड्याला शेणमातीचा हात फिरवला, काठावर गोधडीची घडी टाकली, पाठीला टेकू म्हणून धानाच्या कोंड्याचं पोतं लावलं आणि तिला उचलून, पाय खड्ड्यात सोडून काठावर बसवलं. पहिल्या दिवशी वाकड्या बोटांतून पळी निसटून राखेत पडली. मुखरूने तिच्या दांड्याला पत्रूकडचं सूत गुंडाळून दांडा मुठीएवढा जाड केला. मग पळी हातात राहू लागली.

पाळीच्या दिवशी वच्छलाने भात रांधला, लाखोळीची डाळ शिजवली, वांग्याची भाजी केली. वास गल्लीभर गेला. बुवा आले, पाय धुऊन बाहेरच्या खोलीत पाटावर बसले. ताट मांडलं गेलं. आणि तेव्हा कुठे दोघांच्याही ध्यानात आलं, की रांधून तर झालं, पण वाढायला जाणार कोण?

"मी वाढतो ना," मुखरू हलकेच म्हणाला.

वच्छला वाफाळत्या भाताकडे बघत राहिली. तिची मान खाली जात होती. मुखरूला ते पाहवेना. तोच तिने मान वर केली, पदर सावरला आणि आजारपणात कधी न काढलेल्या मोठ्या आवाजात हाक दिली.

"बुवा! मले तिकडे येता येत नाई. तुमीच इथी चुलीपाशी या."

बाहेर बुवांसोबत आलेल्या लटारूने घसा खाकरला. परक्या पुरुषाने चुलीपर्यंत जावं, अशी रीत नव्हती. पण बुवा उठले, ताट एका हातात, पाट दुसऱ्या बगलेत, आणि दारात वाकून आत आले. खड्ड्याच्या काठाशी पाट टाकून तिच्यासमोर बसले. "माय, वाढ," म्हणाले.

तिने भात वाढला. डाळीची पळी उचलली तेव्हा ती वाकड्या बोटांत कलली, थोडी डाळ जमिनीवर सांडली. बुवांनी ताट पुढे सरकवलं. मुखरू हात देण्यासाठी झेपावला, आणि तिची नजर पाहून होता तिथेच थांबला.

दुसरी पळी नीट ताटात पडली.

"असे उभे काऊन?" वच्छला त्याच्याकडे न बघताच म्हणाली. "बुवाले पाणी द्या."